बोंडू, बांगडा आणि बाटलीतली गोळी

काजूच्या बोंडात क जीवनसत्त्व संत्र्याच्या चौपट-पाचपट असतं. मार्च ते मे या दिवसांत पेडणे तालुक्यातल्या पार्से, तुये, कोरगाव या भागातल्या डोंगरउतारांवर बोंडांचा नुसता सडा पडतो. बी पिरगाळून वेगळी करायची, बोंडू कोळंबी नावाच्या कुंडात टाकून तुडवायचा, रस आंबवायचा आणि भट्टीवर चढवायचा, हा तिथला उन्हाळ्याचा क्रम. क जीवनसत्त्व वाफेबरोबर उडत नाही. ते भट्टीवरच्या भाणात मागे राहतं आणि तिथेच उष्णतेनं नासतं, त्यामुळे हुर्राकाच्या किंवा फेणीच्या बाटलीत त्याचा मागमूसही उरत नाही. फेणीला नावं ठेवण्याचा इथे हेतू नाही. तिला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे आणि तिच्या जिवावर पेडण्यातली बरीच घरं चालतात. गंमत वेगळीच आहे. ज्या घराच्या मागे बोंडांचा असा ढीग कुजतो, त्याच घराच्या कपाटावर, देवाच्या फोटोशेजारी, ‘अँटिऑक्सिडंट’ असं लिहिलेली कॅप्सूलची बाटली उभी असते. दुबईहून किंवा लंडनहून सुट्टीवर आलेल्या मुलानं ती आजी-आजोबांसाठी आणलेली असते. ‘रोज एक घे, म्हातारपण लांबतं,’ असं तो सांगून जातो.

म्हातारपण हा गोव्यात आता लहान विषय राहिलेला नाही. २०११ च्या जनगणनेत गोव्यातली ११ टक्क्यांहून अधिक माणसं साठीच्या पुढची निघाली. देशातल्या राज्यांत त्याहून वरचं प्रमाण फक्त केरळचं होतं. तरुण मंडळी म्हापशाला, वेर्ण्याच्या कारखान्यांत किंवा थेट परदेशात, आणि गावात राखण करायला वडीलधारी, हे चित्र पेडण्या-डिचोलीच्या कुठल्याही वाड्यावर दिसतं. तेव्हा त्या बाटलीत काय आहे, तिचा उपयोग किती आणि ताटाचा किती, हे नीट समजून घेणं बरं.

सुरुवात सुक्या तारल्यांपासून करू. पावसाळ्याच्या पुरुमेतासाठी, म्हणजे बेगमीसाठी, डब्यात भरून ठेवलेले तारले ऑगस्टपर्यंत पिवळे पडतात आणि त्यांना एक उग्र, घशाला लागणारा वास येतो. आपण त्याला खवट म्हणतो. माशाच्या चरबीतल्या रेणूंना हवेतल्या प्राणवायूनं गाठलेलं असतं. गमतीचा भाग असा की शेजारच्या बाटलीतलं खोबरेल कितीतरी जास्त टिकतं. खोबरेलाची चरबी रासायनिकदृष्ट्या ‘भरलेली’ असते, तिच्यात प्राणवायूला शिरायला फारशी जागा नसते. माशाच्या चरबीत अशा मोकळ्या जागा पुष्कळ असतात. एका रेणूतून इलेक्ट्रॉन ओरबाडला गेला की तो शेजाऱ्याचा ओरबाडतो, तो त्याच्या शेजाऱ्याचा, आणि साखळी सुरू होते. इलेक्ट्रॉनची जोडी मोडलेल्या, म्हणून बेभान झालेल्या अशा रेणूंना फ्री रॅडिकल म्हणतात.

आपल्या पेशींच्या आवरणात, विशेषतः मेंदूत, तारल्यात असते तशीच मोकळ्या जागांची चरबी भरपूर असते. मेंदूचं वजन शरीराच्या सुमारे २ टक्के, पण प्राणवायू तो एकूण वापराच्या सुमारे २० टक्के खातो. म्हणजे नाजूक चरबी आणि भरपूर प्राणवायू एकाच ठिकाणी. शिवाय प्रत्येक पेशीत मायटोकाँड्रिया नावाच्या बारीक भट्ट्या चालू असतात. अन्न आणि प्राणवायू यांच्यापासून ऊर्जा काढताना त्यांच्यातून थोडे इलेक्ट्रॉन गळतात आणि सुपरऑक्साइड नावाचं रॅडिकल तयार होतं. हे रोज, दर क्षणी, तान्ह्या बाळातही घडतं. फरक इतकाच की तरुणपणी बंदोबस्त चोख असतो. वय वाढतं तशा भट्ट्या जुन्या होतात, गळती वाढते आणि दुरुस्तीचं काम मंदावतं. आवक जास्त आणि निचरा कमी अशी अवस्था टिकून राहिली की तिला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणायचं. जर्मन शास्त्रज्ञ हेल्मुट झीस यांनी १९८५ साली ही संकल्पना मांडली. मोतीबिंदू, रक्तवाहिन्यांचं कडक होणं, स्नायूंची झीज, स्मृतिभ्रंश अशा उतारवयातल्या बऱ्याच दुखण्यांत तिचा हात आढळतो. हात किती आणि नुसती हजेरी किती, हे प्रत्येक दुखण्यात वेगळं आहे.

बंदोबस्ताची गोष्ट बाटलीवर कधी छापलेली नसते, म्हणून ती इथे थोडी सविस्तर सांगतो. शरीराचं मुख्य संरक्षण शरीर स्वतः तयार करतं. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात जो मॅक्कॉर्ड आणि अर्विन फ्रिडोविच यांनी १९६९ साली सुपरऑक्साइड डिसम्युटेज हे एन्झाइम ओळखलं. ते सुपरऑक्साइडला पकडून हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये बदलतं. मग कॅटॅलेज आणि ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज ही दुसरी एन्झाइमं त्या पेरॉक्साइडचं साधं पाणी करून टाकतात. एन्झाइमचा एकेक रेणू एका सेकंदात हजारो-लाखो वेळा हे काम करतो. क जीवनसत्त्वाचा रेणू मात्र एकदा इलेक्ट्रॉन देऊन बसला की त्याला पुन्हा उभं करावं लागतं. तेव्हा लढाईचा मोठा भार कोणावर आहे ते उघड आहे.

या एन्झाइमांना अवजारं लागतात. डिसम्युटेजला जस्त, तांबं आणि मँगनीज लागतं. ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेजला सेलेनियम लागतं, कॅटॅलेजला लोह. ग्लुटाथायोन हा रेणू तीन अमिनो आम्लांचा बनतो, म्हणजे त्याचा कच्चा माल प्रथिनांतून येतो. वृद्धांत तो कमी पडतो असं दिसून आलं आहे. ह्यूस्टनच्या बेलर वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. राजगोपाल सेखर यांच्या गटानं मोजक्या वृद्धांना त्यातली दोन अमिनो आम्लं दोन आठवडे दिली, तेव्हा पेशींतलं ग्लुटाथायोन पुन्हा वर आलं. अभ्यास लहान आहे, त्यावरून औषध ठरवता येणार नाही. कच्चा माल कमी पडत होता, एवढं मात्र त्यातून कळतं.

आता हिशेब घाला. सेलेनियम आणि प्रथिनं कुठून? बांगडा, तारले, सुंगटां. जस्त आणि तांबं कुठून? तिसऱ्यो, कालवां. शापोरा आणि तेरेखोल या दोन नद्यांमध्ये वसलेल्या तालुक्यात ही यादी रोजच्या बाजाराचीच आहे. अँटिऑक्सिडंट आहार म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर परदेशी निळ्या बेऱ्या येतात. आपल्याकडे तो मान खरं तर आधी बांगड्याला द्यायला हवा.

मग गोळ्यांचं वेड कुठून आलं? डेनहॅम हार्मन या अमेरिकन शास्त्रज्ञानं १९५६ साली एक मोहक कल्पना मांडली: माणूस म्हातारा होतो तोच या रॅडिकलांच्या माऱ्यानं. मग उपाय सोपा वाटतो. इलेक्ट्रॉन दान करणारे रेणू, म्हणजे क आणि ई ही जीवनसत्त्वं, भरपूर खायची. हार्मन स्वतः ती घेत आणि २०१४ मध्ये ९८ व्या वर्षी वारले. दोन नोबेल मिळवणारे लायनस पॉलिंग क जीवनसत्त्वाचे असेच भक्त होते, त्यांना ९३ वर्षं आयुष्य लाभलं. विक्रेते ही उदाहरणं आवडीनं सांगतात. पण आयुष्यभर विडी ओढून नव्वदी गाठलेले आजोबाही प्रत्येक गावात एखाद-दुसरे असतातच. एका माणसाच्या आयुष्यावरून काही सिद्ध होत नाही, म्हणून हजारो माणसांवर चाचण्या घ्याव्या लागल्या.

त्या चाचण्यांनी पाणी फिरवलं. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९,१३३ पुरुषांना बीटा-कॅरोटिन, ई जीवनसत्त्व, दोन्ही किंवा खोटी गोळी अशी वर्षानुवर्षं दिली गेली. गाजर, भोपळा खाणाऱ्यांत फुफ्फुसाचा कर्करोग कमी आढळतो, तेव्हा त्यातला रंग गोळीत घालून दिला तर आणखी फायदा होईल, अशी अपेक्षा होती. १९९४ साली निकाल आला. बीटा-कॅरोटिन घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी अधिक होता. दोन वर्षांनी अमेरिकेतल्या १८ हजार लोकांवरच्या दुसऱ्या चाचणीत तो २८ टक्क्यांनी अधिक निघाला आणि ती मुदतीआधीच थांबवावी लागली. ब्रिटनमध्ये हृदयविकाराचा धोका असलेल्या वीस हजारांहून जास्त लोकांपैकी निम्म्यांनी पाच वर्षं क, ई आणि बीटा-कॅरोटिन घेतलं. २००२ च्या निकालानुसार त्यांना ना अपाय झाला ना उपाय. अमेरिका-कॅनडातल्या ३५ हजार पुरुषांवरच्या चाचणीत ई जीवनसत्त्वाच्या मोठ्या डोसानं प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्क्यांनी वाढल्याचं २०११ मध्ये दिसलं. अशा ७८ चाचण्या आणि सुमारे तीन लाख माणसं एकत्र घेऊन कॉक्रेन गटानं २०१२ साली हिशेब मांडला. त्यात आयुष्य वाढल्याचा पुरावा मिळाला नाही. उलट बीटा-कॅरोटिन आणि ई घेणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण किंचित अधिकच भरलं.

असं का व्हावं? एक कारण असं की रॅडिकल हे नुसते चोर नाहीत, शरीर त्यांना कामालाही लावतं. पांढऱ्या पेशी जंतूंवर सुपरऑक्साइडचाच मारा करतात. व्यायामानं स्नायूंत थोडे रॅडिकल तयार होतात आणि तोच इशारा समजून शरीर स्वतःच्या एन्झाइमांचं उत्पादन वाढवतं. जर्मनीत मिखाएल रिस्टोव यांच्या गटानं २००९ साली तरुणांना चार आठवडे व्यायाम करायला लावला आणि काहींना सोबत क आणि ई च्या गोळ्या दिल्या. गोळ्या न घेणाऱ्यांच्या शरीरात इन्शुलिन अधिक चांगलं काम करू लागलं. गोळ्या घेणाऱ्यांत तो फायदा पुसला गेला. इशाराच शरीरापर्यंत पोचला नाही. दुसरं कारण म्हणजे भाजीत एकच रसायन नसतं. शेकडो असतात, तीही थोड्या-थोड्या प्रमाणात. त्यातली कडू-तुरट रसायनं पचून रक्तात फार कमी जातात. जी जातात ती स्वतः रॅडिकल पकडण्यापेक्षा पेशीला हलका चिमटा काढून तिची स्वतःची यंत्रणा जागी करतात, असं आता बहुतेक संशोधक मानतात. परीक्षानळीत कुठल्या फळाची अँटिऑक्सिडंट शक्ती किती, याचे आकडे वेष्टनांवर फार मिरवले जात. अमेरिकेच्या कृषी खात्यानं आपला असा तक्ता २०१२ साली संकेतस्थळावरून काढून टाकला. परीक्षानळीतल्या आकड्यांचा शरीरातल्या परिणामाशी ताळमेळ लागत नव्हता.

एक अपवाद मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवा. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग वयोमानानं झिजतो, त्याची मध्यम अवस्था गाठलेल्यांत क, ई, बीटा-कॅरोटिन, जस्त आणि तांबं यांच्या ठराविक मिश्रणानं आजार पुढे सरकण्याचा धोका सुमारे २५ टक्क्यांनी कमी होतो, हे अमेरिकेतल्या २००१ च्या चाचणीत दिसलं. पुढे त्यातलं बीटा-कॅरोटिन काढून ल्युटिन घातलं गेलं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी हेच निदान करून गोळी लिहून दिली असेल तर ती जरूर घ्यावी. दुबईहून आलेली बाटली हे त्याचं कारण होत नाही.

आता गोळ्यांवरचा हा राग थोडा बाजूला ठेवून दुसरी बाजू पाहू, कारण आपल्याकडे ती जास्त महत्त्वाची आहे. पाश्चात्त्य चाचण्यांतली माणसं बहुधा पोटभर जेवणारी होती. आपले वृद्ध मुळात कमतरतेत असतात. दिल्लीचं एम्स, अरविंद नेत्र रुग्णालय आणि लंडनमधले संशोधक यांनी उत्तर आणि दक्षिण भारतात साठीपुढच्या साडेपाच हजारांहून जास्त माणसांचं रक्त तपासलं. २०११ साली आलेले आकडे धक्कादायक आहेत. क जीवनसत्त्वाची सरळसरळ कमतरता उत्तरेत ७४ टक्के आणि दक्षिणेत ४६ टक्के लोकांत होती. पुरुष, वयानं आणखी मोठे, तंबाखू खाणारे-ओढणारे आणि लाकूड-शेणीच्या धुरात स्वयंपाक होणाऱ्या घरांतले लोक यांत ती जास्त होती. याच अभ्यासात ज्यांच्या रक्तात क जीवनसत्त्व जास्त, त्यांच्यात मोतीबिंदू कमी आढळला. डोळ्याच्या भिंगातली प्रथिनं जन्मभर बदलली जात नाहीत. उन्हानं आणि रॅडिकलांनी केलेलं नुकसान तिथे साठतच जातं.

गोवा त्या अभ्यासात नव्हता, पण इथल्या वृद्धांच्या ताटाकडे पाहिलं की काळजी वाटते. सकाळी चहा आणि पाव. अकराच्या सुमारास पेज, सोबत लोणच्याची फोड किंवा खाऱ्याचा तुकडा. दुपारी शीत-कढी. संध्याकाळी चहा-बिस्किट, रात्री उरलेलं शीत. सून कामावर जाते, मुलगा परदेशी असतो, एकट्यासाठी नुस्तें कोण साफ करणार? दात नाहीत म्हणून पेरू नको, सोमवार-गुरुवार शिवराक म्हणून मासा नको, आणि कडधान्य भिजत घालायचं राहून गेलं. उकड्या तांदळाची पेज वाईट नाही. धान उकडताना कोंड्यातली ब जीवनसत्त्वं आत मुरतात आणि ज्योतीसारख्या तांबड्या तांदळाच्या कोंड्यात थोडी उपयोगी रंगद्रव्यंही असतात. पण पेज आणि मीठ एवढ्यावर माणूस तग धरतो, बंदोबस्त उभा राहत नाही. वयानुसार भूक कमी होते, प्रथिनांची गरज मात्र कमी होत नाही. तज्ज्ञ वृद्धांना दर किलो वजनामागे दिवसाला निदान एक ग्रॅम प्रथिन घ्यायला सांगतात. पन्नास किलोच्या आजीला पन्नास ग्रॅम हवं. दोन बांगडे किंवा वाटीभर अळसांदे, एखादं अंडं आणि दूध-दही यांशिवाय ते भरत नाही.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेप्रमाणे दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळं हवीत. आपल्याकडे ताटाच्या कोपऱ्यातल्या भाजीचा आकार पाहिला तर हे प्रमाण थट्टेसारखं वाटेल. पण परसातल्या आणि रानातल्या गोष्टी मोजा. पावसाच्या सुरुवातीचा तायकिळो, मशिंगाचा (शेवग्याचा) पाला, तेरें-आळू, तांबडी भाजी, फागलां. मशिंगाचा पाला तर प्रथिनं, लोह आणि कॅरोटिन या तिन्ही बाबतींत इतर पालेभाज्यांच्या पुढेच आहे. बाजारात बेळगावहून येणारी कोबी-फुलकोबी आणि फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यावरचे टोमॅटो-गाजर यांचा काही दोष नाही, पण अंगणातल्या मशिंगाकडे दुर्लक्ष करून कॅप्सूल घेणं मला पटत नाही.

खतखतें हा पदार्थ मला या बाबतीत फार शहाणा वाटतो. तांबडा भोपळा, कणंगां, सुरण, मशिंगाच्या सांगां, मुळा, कच्ची पपई, वर तिरफळं आणि खोबऱ्याचं वाटप. भोपळ्यातलं कॅरोटिन कच्च्या भोपळ्यातून नीट शोषलं जात नाही. शिजवल्यानं पेशींच्या भिंती फुटतात आणि ते बाहेर येतं, आणि चरबी सोबत असेल तरच आतड्यातून रक्तात जातं. खोबऱ्याचं वाटप ती चरबी पुरवतं. मऊ शिजतं, म्हणून कवळी असली-नसली तरी खाता येतं. चवथीपुरतं न ठेवता आठवड्यातून एकदा ते झालं तर आजी-आजोबांचं बरंच काम होईल.

क जीवनसत्त्वाचं गणित मात्र याच्या उलट आहे. ते पाण्यात विरघळतं आणि उष्णतेनं जातं, म्हणून ते कच्च्यातूनच यायला हवं. पुरुषाला दिवसाला ८० मिलिग्रॅम आणि बाईला ६५ असं आपल्याकडचं प्रमाण आहे. शंभर ग्रॅम आवळ्यात अडीचशे मिलिग्रॅमच्या आसपास असतं, म्हणजे एका मध्यम आवळ्यात एका माणसाची दिवसाची बेगमी होते. पेरूत दोनशेच्या वर असतं. दात नसले तर पेरू किसून किंवा वाटून, बिया गाळून देता येतो. पिकलेल्या पपईला दात लागतच नाहीत. आणि मौसमात बोंडू. मीठ लावून चघळला तर घशाला खरवडतो, तो तुरटपणा टॅनिनांचा. बोंडांचा ताजा रस, म्हणजे निरो, हाही चांगला, पण उन्हात काही तासांतच तो आंबू लागतो, म्हणून सकाळचा सकाळीच प्यावा. मधुमेह्यांनी घोटभरावर थांबावं. त्यात साखर पुष्कळ असते.

मधुमेहाचा उल्लेख आला तर तिथे जरा थांबावंच लागेल. कारण माझ्या मते गोव्यातल्या वृद्धांच्या ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसचं सर्वांत मोठं कारण आहारातल्या अँटिऑक्सिडंटची उणीव नसून रक्तातली साखर हे असावं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचं प्रमाण गोव्यात २६.४ टक्के होतं, सर्व राज्यांत पहिलं. न्यूयॉर्कच्या मायकेल ब्राऊनली यांनी २००१ साली मांडलं की रक्तात साखर फार झाली की मायटोकाँड्रियात सुपरऑक्साइडची निर्मिती वाढते आणि डोळे, मूत्रपिंडं, नसा यांचं नुकसान तिथूनच सुरू होतं. त्यात आणखी एक खोच आहे. क जीवनसत्त्वाचं एक रूप पेशीत ज्या दारानं शिरतं, त्याच दारानं साखरही शिरते. दारात साखरेची गर्दी झाली की जीवनसत्त्व मागे पडतं. तेव्हा साखर ताब्यात न ठेवता आवळा खाल्ला, किंवा कॅप्सूल घेतली, तरी काम अर्धवटच होणार.

दुसरं कारण धूर. स्वयंपाकाला गॅस आला, पण आंघोळीच्या पाण्याचं भाण आणि धान उकडायची चूल अजून लाकडांवर आहे आणि तिच्यासमोर बसते ती घरातली सर्वांत म्हातारी बाई. तंबाखूची मशेरी, तपकीर, विडी यांबद्दल वेगळं सांगायला नको. विडीच्या एका झुरक्यात रॅडिकलांचा जो भार आत जातो, तो मोडून काढायला शरीर क जीवनसत्त्व भराभर खर्च करतं. फिनलंडच्या अभ्यासानं हेही दाखवलं की धूम्रपान चालू ठेवून वर बीटा-कॅरोटिनची गोळी घेणं हे अनर्थाचं आहे.

भिरंडाशिवाय, म्हणजे कोकमाशिवाय, हा लेख पेडण्यात कोणी वाचणार नाही, तेव्हा त्याच्याकडे येऊ. भिरंडाच्या सालीतला तांबडा-जांभळा रंग अँथोसायनिन गटाचा आणि पिवळसर गार्सिनॉल हे दुसरं चर्चित रसायन. दोघांवर पुष्कळ प्रयोग झाले आहेत, बहुतेक काचेच्या भांड्यांत आणि उंदरांवर. माणसांवरचा पुरावा तोकडा आहे. त्यामुळे ‘कोकम प्या, कर्करोग टाळा’ असं छापलेलं दिसलं की मला विक्रेत्याचा हिशेब दिसतो. साल उन्हात सुकवून वारंवार रसात बुडवून सोलां होतात, त्या प्रवासात रंगाचाही थोडा भाग जातो. तरी सोलांची कढी उत्तम. नारळाच्या रसामुळे ती पोटात बरी बसते आणि साखरेच्या सरबतापेक्षा ती केव्हाही चांगली. अडचण आगळाची, म्हणजे भिरंडाच्या खारवलेल्या रसाची, आहे. आगळात मीठ दणकून असतं. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्यांनी रोज पेलाभर आगळाची कढी पिऊ नये, सोलां भिजवून त्याचं पाणी वापरावं आणि मीठ वेगळं टाकू नये. भिरंडाच्याच कुळातल्या गार्सिनिया कॅम्बोजिया या फळाच्या अर्काच्या वजन घटवण्याच्या गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, हेही लक्षात असू द्या. फळ खाणं वेगळं आणि त्याचा गाळीव अर्क रोज कॅप्सूलमध्ये घेणं वेगळं.

तेच हळदीचं. बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयात १९९८ साली दिसलं की कुर्कुमिन नुसतं घेतलं तर रक्तात नगण्य जातं, मिऱ्यातल्या पिपेरिनबरोबर ते वीस पटींनी वाढतं. हुमणात हळद आणि मिरी दोन्ही असतात, हा योग चांगलाच. पण याच युक्तीनं भरलेल्या कुर्कुमिनच्या कॅप्सूलमुळे यकृत बिघडल्याच्या घटना पुढे आल्या आहेत. वाटपातली हळद निर्धास्त खावी.

राहता राहिलं ते काही रोग्यांचं पथ्य. रक्त पातळ करणारी वॉरफरिन ही गोळी चालू असेल तर पालेभाजी बंद करण्याची गरज नाही, पण रोज साधारण सारखी असावी, कारण पाल्यातलं के जीवनसत्त्व त्या गोळीच्या विरुद्ध काम करतं. ई जीवनसत्त्वाचा मोठा डोस मात्र अशांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, रक्तस्रावाचा धोका वाढतो. क जीवनसत्त्वाच्या हजार-हजार मिलिग्रॅमच्या गोळ्या रोज घेतल्या तर जास्तीचं ऑक्सलेट होऊन मुतखड्याचा संभव असतो. बिंबलांचा कच्चा रस कोलेस्टेरॉल उतरवतो म्हणून काही लोक पितात. केरळात असा रस प्यायलेल्यांची मूत्रपिंडं अचानक बंद पडल्याचे रुग्ण डॉक्टरांनी नोंदवले आहेत, कारण बिंबलांत ऑक्सलेट फार असतं. हुमणात चार बिंबलां टाकायला हरकत नाही, पेलाभर रस प्यायचा नाही. मूत्रपिंडाचा आजार आधीच असलेल्यांनी तर करमलांनाही (स्टार फ्रूट) हात लावू नये. ती त्यांच्या मेंदूला विषारी ठरू शकतात, आणि उचकी लागून न थांबणं हे त्याचं पहिलं लक्षण असतं. असं झालं तर घरगुती उपाय न करता थेट इस्पितळात न्यावं.